पॅक-मॅन वळत नाही

शाळेत असताना परळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरात मी पॅक-मॅनच्या पायी, म्हणजे भुतं चुकवत भुलभुलैयातले ठिपके खायच्या गेमपायी, बरीच चिल्लर घालवली. चाळिशी उलटल्यावर वाटलं, आता घरीच खेळू. आर्केडचा एक जुना जॉयस्टिक मिळवला, पेटीत बसवून कॉम्प्युटरला जोडला, आणि पॅक-मॅन पहिल्याच वळणावर अडला. मला वर जायचंय, हा भिंतीला नाक लावून उभा. मागून भुतं.

कारण साधं होतं. १९८० सालचा हा गेम चार दिशांच्या दांड्यासाठी केलेला. माझा दांडा आठ दिशांचा. खाली मायक्रोस्विच, म्हणजे छोटी बटणं, चारच, पण दांडा जरा तिरका गेला की दोन एकदम 'टक' करतात आणि गेम गोंधळतो. दांड्याखालची प्लेट फिरवून तिरक्या वाटा बंद करता येतात म्हणे. पण १९९१च्या स्ट्रीट फायटर टू या मारामारीच्या गेममध्ये हाडोकेन, म्हणजे हातातून ऊर्जेचा गोळा, मारायला तिरकंच जावं लागतं, आणि चिरंजीवांचा जीव त्यात. रोज पेटी उलटी करून स्क्रू कोण पिळत बसणार? म्हणून मध्ये सर्किट टाकायचं ठरवलं. खटका इकडे केला की आठ दिशा, तिकडे केला की चार. चारवर असताना दोन स्विच एकदम बोलले, तर जो नंतर बोलला त्याचं खरं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच चालतं.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला.

"आठ पायांची चिप? किती देऊ?"

"एक."

मंडईत एक मिरची मागणाऱ्याकडे बघावं तसं दुकानदाराने बघितलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून चिपचे पाय मोजले. दोन सप्लायचे, एक रीसेटचा, उरले पाच. मला हवे होते नऊ: चार आत, चार बाहेर, एक खटक्याला. पुढच्या शनिवारी पुन्हा ग्रँट रोड. या वेळी आर्डुइनो नॅनो, म्हणजे जास्त पायांचा, प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड.

"आजपण एकच?"

सोल्डरमधल्या राळेचा धूर स्वयंपाकघरापर्यंत गेला. "फोडणी करपली का गं?" आईने आतून विचारलं. "फोडणी नाही आई, तुमचा मुलगा," हिने सांगितलं.

सगळं जोडलं, तर वर ढकलल्यावर पॅक-मॅन खाली, डावीकडे ढकलल्यावर उजवीकडे. प्रोग्राम तीनदा वाचला. मग पेटी उलटी करून दांडा सावकाश हलवला. वरचं टोक डावीकडे गेलं की खालचं उजवीकडे जातं आणि तिकडचा स्विच दाबतं. मी वायरींना नावं दिली होती ती जागा बघून. चारही उपटल्या, पुन्हा डाग दिले.

आणि चाललं! पॅक-मॅन लोण्यासारखा वळायला लागला. वळत वळत थेट भुताच्या तोंडात. एकदा, दोनदा, सात वेळा.

"बघू," म्हणून ही बसली. भाजीचा हात पदराला पुसून तिने पहिली फेरी साफ केली, मग दुसरी. मी कौतुकाने माझ्या सर्किटकडे बघितलं.

खटका आठवर होता.