‘इलियड’मध्ये लाकडी घोडा शोधणाऱ्यांसाठी

‘होमरचं ‘इलियड’ म्हणजे ग्रीकांच्या विजयाचा पोवाडा. लाकडी घोड्याची युक्ती, ट्रॉयची राखरांगोळी, शत्रूचा तिरस्कार, आणि कीर्तीपुढे जीव कवडीमोल.’ हा दावा फॉरवर्ड करणाऱ्यांनी काव्य निदान भाषांतरात तरी चाळायला हवं होतं.

घोड्याचं आधी उरकून टाकू. ‘इलियड’च्या २४ सर्गांत तो नाहीच; त्याची हकिकत होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ‘ओडिसी’त येते. ‘इलियड’ संपतं तेव्हा ट्रॉय उभं आहे आणि शेवटची ओळ हेक्टरच्या अंत्यविधीची आहे. पोवाडा कधी शत्रूच्या सेनापतीच्या मयतावर संपतो का?

शत्रूच्या तिरस्काराचं म्हणाल, तर सहाव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीज ॲक्सिलस नावाच्या एकाला मारतो. ट्रॉयच्या बाजूचा, जेमतेम सात-आठ ओळींचा धनी. तेवढ्यातही होमर सांगून जातो, की याचं घर रस्त्याला लागून होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचं तो आगतस्वागत करायचा, आणि आज त्याच्याकडे जेवून गेलेल्यांपैकी एकही मध्ये पडला नाही. बाविसाव्या सर्गात ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस हेक्टरच्या पाठीमागे धावतो, ती वाट दगडी कुंडांजवळून जाते. ग्रीक येण्याआधी ट्रॉयच्या लेकीसुना तिथे धुणं धुवायला यायच्या. एकाचा जीव जायची वेळ आली आहे आणि कवीला धुणं आठवतंय! हे तिरस्कार करणाऱ्याला सुचत नाही. पुढे हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तळावर येतो आणि पोराला मारणाऱ्याचे हात चुंबतो. दोघंही रडतात. म्हातारा हेक्टरसाठी, अकिलीस कधी आपल्या बापासाठी, कधी हेक्टरने मारलेल्या आपल्या जिवलग मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीस विचारतो, क्रियाकर्माला किती दिवस हवेत? आणि तेवढे दिवस लढाई थांबवायचा शब्द देतो.

राहिली कीर्ती. तिचं मोल या लोकांना होतंच, नाही कशाला म्हणा. पण नवव्या सर्गात अकिलीसच म्हणतो, गुरंमेंढरं लुटून आणता येतात, घोडे मिळवता येतात. दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण मात्र परत येत नाही. ‘ओडिसी’त तो मेल्यावर भेटतो तेव्हा तर म्हणतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीनाकडे मजुरी केलेली परवडली.

टीकाच करायची होती, तर बायकांवरून करायची. तिथे मी फारसा भांडलो नसतो. काव्याचं मूळ भांडण, अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन यांच्यातलं, अकिलीसला लुटीत मिळालेल्या ब्रिसीसवरून पेटतं. तेविसाव्या सर्गातल्या कुस्तीत जिंकणाऱ्याला तिवई, हरणाऱ्याला बाई. तिवईची किंमत १२ बैल, बाईची ४. हे होमर निर्विकारपणे सांगतो. पण त्याआधी, एकोणिसाव्या सर्गात, ब्रिसीस पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून आक्रोश करते आणि इतर बंदिवान बायकाही तिच्या रडण्यात रडू लागतात. निमित्त पॅट्रोक्लसचं, होमर सांगतो. रडत होती ती जिची तिची दुःखं.