लाळ गळते म्हणून पाणी तोडू नका

'तोंडाला जास्त लाळ सुटणे म्हणजे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडणे. याचे मूळ पोटातील जंत. उपाय म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करावे आणि झोपताना सर्दीची एक गोळी घ्यावी' असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. कंपवात (पार्किन्सन्स) असलेल्या माझ्या मामांनी तो वाचून पाणी तोडले, म्हणून त्यातील एकेका विधानाचा समाचार घेणे भाग आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळत असतो. गिळलेली लाळ पोटातच जाते, तेव्हा तिच्यावाटे शरीर 'विष' बाहेर टाकते ही कल्पनाच निराधार आहे. कंपवातात तर लाळ बहुधा जास्त तयारही होत नसते. आपोआप गिळण्याची क्रिया मंदावते, मान पुढे झुकते, ओठ पुरते मिटत नाहीत आणि तोंडात साठलेली लाळ बाहेर येते. मामांची हनुवटी छातीकडे कललेली असते, ओठांच्या कोपऱ्यात जमलेली लाळ सदऱ्यावर ओघळेपर्यंत त्यांना जाणवत नाही, पण 'मामा, गिळा' असे म्हणताच ते ती गिळतात. अशा माणसाने पाणी कमी केले तर लाळ घट्ट व चिकट होऊन गिळणे आणखी अवघड होते, बद्धकोष्ठता वाढते आणि उठताना रक्तदाब उतरून तोल जाण्याचा धोकाही वाढतो.

जंतांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पोटाशी संबंध असतो एवढे मात्र मान्य करावे लागेल, पण तो आम्लपित्ताचा: आम्ल अन्ननलिकेत वर चढले की तोंडात एकाएकी लाळ सुटते.

सर्वांत घातक सल्ला गोळीचा आहे. सर्दीच्या जुन्या धर्तीच्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामाइनने, तोंड कोरडे पडते हे खरे आहे आणि नेमक्या याच अर्ध्या सत्यावर हा संदेश खपतो. परंतु ही औषधे केवळ लाळग्रंथींवर परिणाम करून थांबत नाहीत. मेंदू, मूत्राशय आणि आतडी यांच्यावरही त्यांचा परिणाम होतो. वृद्धांसाठी कोणती औषधे टाळावीत याची 'बीअर्स निकष' नावाची यादी अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी प्रसिद्ध करते, आणि तिच्या 2023 च्या आवृत्तीतही या जुन्या गोळ्या टाळण्याच्या औषधांत आहेत, कारण त्यांनी संभ्रम, बद्धकोष्ठता व लघवी अडकण्याचा धोका वाढतो. कंपवाताच्या रुग्णांत स्मरणशक्तीच्या आणि भास होण्याच्या तक्रारी मुळातच आढळतात. त्यांना रोज रात्री अशी गोळी परस्पर सुचवणाऱ्याने परिणामांचा काडीमात्र विचार केलेला नाही.

उपाय कारणानुसार ठरतात. क्लोझापिनसारख्या मानसिक आजारावरील औषधाने लाळ गळत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ मात्रा बदलू शकतात, मात्र ते औषध आपल्या मनाने बंद करू नये. कंपवातात बसण्याची ढब सुधारणे, आठवण ठेवून वारंवार गिळणे आणि वाचा व गिळण्याच्या विकारांच्या तज्ज्ञांकडून व्यायाम शिकणे यांपासून सुरुवात होते. तेवढ्याने भागले नाही तर लाळग्रंथींत बोट्युलिनम टॉक्सिनचे, म्हणजे त्यांची क्रिया काही काळ मंदावणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो आणि 2018 पासून अमेरिकेत प्रौढांच्या या तक्रारीसाठी त्याला अधिकृत मान्यता आहे. तान्ह्या बाळांची लाळ गळणे स्वाभाविक असते. चार वर्षांनंतरही ती सतत गळत राहिली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मात्र लाळ अचानक गळू लागली आणि सोबत ताप, घशात तीव्र वेदना व श्वासाचा घरघर आवाज असेल, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर कोणताही घरगुती उपाय न करता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.