बिगाऱ्यांना झाडांचं काय पडलं होतं?

जॅक मंडी हा ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या बिगाऱ्यांच्या, म्हणजे बांधकाम मजुरांच्या, युनियनचा पुढारी. त्याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की युनियनच्या पुढाऱ्याचं काम मजुरी वाढवून घेणं. सिडनीतल्या बंगलेवाल्या बायकांच्या झाडांसाठी त्याने बिगाऱ्यांच्या पोटावर पाय दिला आणि शेवटी युनियनही घालवली. तुम्ही स्वतः कामगार चळवळीत उमेदीची वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. सिडनीतलं हंटर्स हिल खरोखरच खात्यापित्या लोकांची वस्ती. नदीकाठचं केलीज बुश हे रान वाचवायला निघालेल्या त्या तेरा जणी सगळ्यांचे उंबरे झिजवून झाल्यावर, १९७१ मध्ये, युनियनच्या दारी आल्या. पण युनियनने लगेच हो म्हटलं नाही. आधी वस्तीची सभा घ्या, लोकांनी मागितलं तरच बंदी घालू, म्हणजे तिथे आमचा कोणी बिगारी काम करणार नाही, असं सांगितलं. सभेला ६०० माणसं जमली. मग बिल्डर म्हणाला, युनियनबाहेरचे मजूर आणून काम करतो. त्याच बिल्डरची एक ऑफिस इमारत नॉर्थ सिडनीत अर्धी उभी होती. तिथल्या बिगाऱ्यांनी साइटवरच सभा घेऊन कळवलं: केलीज बुशमधल्या एका झाडाला हात लावलात, तर ही इमारत अशीच अर्धवट राहील, त्या रानाचं स्मारक म्हणून. हे सिमेंट वाहणाऱ्या, खड्डे खणणाऱ्या माणसांनी ठरवलं. आपल्या हातून काय उभं राहावं आणि काय पडू नये यावर बिगाऱ्याचाही हक्क आहे, हे मला त्या ठरावात दिसतं आणि त्यासाठीच मी तो लेख लिहिला.

मजुरीकडे मंडीने पाठ फिरवली असती, तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. तो क्वीन्सलँडच्या मलांडाचा. पॅरामॅटाकडून रग्बी लीग खेळायला सिडनीत आला आणि पुढे स्वतःच बिगारी झाला. १९६८ मध्ये सेक्रेटरी झाल्यावर १९७० चा पाच आठवड्यांचा संप आधी झाला, बंद्या नंतर आल्या. बांधकामाला त्याचा विरोध नव्हताच. दवाखाने बांधा, शाळा बांधा, परवडणारी घरं बांधा, हे तो सतत सांगत होता. पगार वाढला पण राहायला उजाड शहर उरलं तर त्या पगाराचं करायचं काय, हा त्याचा प्रश्न होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

आणि बंगल्यांचं म्हणाल, तर सिडनीतल्याच द रॉक्स आणि वुलूमुलू या दोन वस्त्या तुमच्या नजरेतून सुटल्या. तिथे गोदी कामगारांची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या भाड्याने राहत होती. त्यांना उठवून टॉवर उभे करायचे होते. १९७३ मध्ये द रॉक्समध्ये पाडकाम अडवताना मंडीला पोलिसांनी उचलून नेलं. वुलूमुलूत १९७५ च्या करारानंतर सरकारी भाड्याची घरं झाली.

युनियन गेली हे खरं, आणि त्याचं दुःख मलाही आहे. पण ती बिगाऱ्यांनी घालवली नाही. युनियनच्या नॉर्म गॅलाघरच्या राष्ट्रीय नेतृत्वाने न्यू साउथ वेल्स या राज्याची, म्हणजे मंडीची, शाखा ताब्यात घेतली आणि १९७५ मध्ये मंडीसह तिथल्या पुढाऱ्यांना काढून टाकलं. त्याआधीच, १९७३ मध्ये, मंडीने सेक्रेटरीपद सोडलं होतं. पुढाऱ्याने ठरावीक काळानंतर खुर्ची सोडायची, हा त्यांनीच केलेला नियम होता. तो त्याने स्वतःला लावला. आपल्यापैकी किती पुढाऱ्यांनी हे केलं, तुम्हीच सांगा.

पुढे तो नगरसेवक झाला, जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी ट्रस्टचा अध्यक्षही झाला. पण साहेब होऊन बसला नाही. द रॉक्समधली सिरियस ही काही कोरीव दगडी वास्तू नव्हे. त्याच बंद्यांतून उभी राहिलेली ती सरकारी भाडेकरूंची काँक्रीटची इमारत. २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा दर्जा नाकारला, तेव्हा पंचाऐंशी उलटलेला मंडी तिच्या बाजूने उभा राहिला. इमारत पडली नाही, पण भाडेकरू गेले आणि २०१९ मध्ये ती विकली गेली. मंडी २०२० च्या मे महिन्यात वारला.