बागेला भागीदार हवेत, पण बाग आपलीच राहिली पाहिजे

सोलापूरच्या सार्वजनिक बागा चालवायला महापालिकेने लोकांची, संस्थांची, कॉलेजांची मदत घ्यावी का? माझं उत्तर हो आहे. पण अटी ठरण्याआधी एकाही बागेची किल्ली कुणाच्या हाती जाऊ नये, असंही माझं तितकंच ठाम मत आहे.

आधी पैशाचं बघू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा. त्यात पाणी, गटारं, दिवाबत्ती, कचरा ही कामं कलम 63 खाली येतात, ती टाळता येत नाहीत. बागा आणि मैदानं मात्र कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत बागा शहराचं काम म्हणून लिहिल्या, पण त्यासाठी वेगळा पैसा काही आला नाही. उलट हातातली जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला आणि 2017 पासून जीएसटीच्या भरपाईपोटी राज्याकडून येणाऱ्या अनुदानावर महापालिकांचं बरंच काही अवलंबून राहिलं. अशा वेळी कात्री पहिल्यांदा कुठे लागणार, हे सांगायला नको.

आणि बाग बंद होते ती काही एका दिवसात होत नाही. माळी निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही. बोअरची मोटर जळते, हिरवळ वाळते. घसरगुंडीचा पत्रा फाटतो, कुणाच्या तरी लेकराला लागतं, म्हणून ती दोरीने बांधून ठेवतात. दोन दिवे जातात, मग सगळेच जातात. अंधार झाला की बायका पहिल्यांदा यायच्या थांबतात, मग म्हातारी माणसं, मग पोरं. उरतात ते नको ते लोक. शेवटी तक्रारी वाढल्या म्हणून गेटला कुलूप लागतं. तोवर कुणाला फारसं वाईटही वाटत नाही, कारण बाग मनातून आधीच गेलेली असते.

सोलापुरात याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. जुळे सोलापुरात बंगल्याला निदान गच्ची असते, दारात एखादं झाड असतं. पूर्व भागात एका खोलीत पाच-सहा माणसं, शेजारी यंत्रमागाची खडखड, वर पत्रा, आणि एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर. दिवसभर विड्या वळून मान मोडलेल्या मावशीला संध्याकाळी तासभर झाडाखाली टेकायला जागा लागते. ही चैन नाही. तिच्यासाठी बाग दवाखान्याइतकीच गरजेची आहे.

पैशाअभावी बागा बंद पडायची वेळ फक्त आपल्यावरच आलेली नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 278 पैकी 70 सरकारी उद्यानं बंद करायचं जाहीर केलं. मुदत होती 1 जुलै 2012. लोक हादरले आणि कामालाही लागले. अ‍ॅनाडेल नावाचं उद्यान सोनोमा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा पातळीवरच्या शासनाने, चालवायला घेतलं. कोलुसा या छोट्या गावाच्या नगरपालिकेने नदीकाठचं उद्यान सांभाळलं. स्वयंसेवी संस्था पुढे आल्या, लोकांनी देणग्या दिल्या. जवळपास सगळी उद्यानं वाचली. आणि मुदत उलटून महिनाही झाला नव्हता, तोच उघड झालं की उद्यान खात्याच्या दोन निधींमध्ये मिळून सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर न सांगता पडून होते! खात्याच्या संचालकांना राजीनामा द्यावा लागला. ज्यांनी पदरचे पैसे घातले, त्यांना काय वाटलं असेल? म्हणून लोकांकडे हात पसरण्याआधी महापालिकेने उद्यान विभागाचा बागनिहाय खर्च मांडावा. माळी किती, वीजबिल किती, टँकर किती. मग लोक आपणहून येतील.

उलट बाजूचा धडा मुंबईचा. तिथे मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला दिल्या आणि काही मैदानांवर क्लब उभे राहिले. 2016 मध्ये नव्या धोरणावर इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली आणि दिलेल्या जागा परत घ्यायचं ठरलं. एकदा भिंत उभी राहिली की ती पाडणं किती अवघड असतं, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

म्हणून जमीन आणि गेट महापालिकेकडेच राहावं. करार वर्षाचा असावा, काम नीट झालं तर पुढे वाढवावा. तिकीट नाही, पक्कं बांधकाम नाही, लग्नकार्याला भाडं नाही. माळ्याचा पगार आणि वीज पालिकेची. झाडलोट, रोपं, खेळण्यांची वेल्डिंग, संध्याकाळची देखरेख भागीदारांची. ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, कॉलेजांची एनएसएस पथकं हे करू शकतात. आपली मंडळं तर नक्कीच. वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहायची सवय कितीतरी मंडळांना आहे, तसाच फळा बागेच्या गेटवर लागावा. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पिण्याचं पाणी हिरवळीवर ओतणं मलाही पटत नाही. देगावच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी बागांना कसं देता येईल, ते बघावं.

एका मुद्द्यावर मात्र मी अडून राहणार आहे. भागीदार मिळतील ते सुखवस्तू कॉलन्यांत. तिथे निवृत्त अधिकारी आहेत, ओळखी आहेत, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, आणता येतो. दिवसाचे दहा-बारा तास मागावर उभा असणारा माणूस समिती कधी चालवणार? नुसतं 'ज्यांना जमेल त्यांनी करा' म्हटलं, तर चांगल्या बागा आणखी चांगल्या होतील आणि पूर्व भागातल्या बागांना कुलपं लागतील. म्हणून जिथे भागीदार मिळाला, तिथला वाचलेला पैसा अंदाजपत्रकात नाव घालून पूर्व भागाच्या बागांकडे वळवला पाहिजे. हे ठरावात लिहून द्यायची तयारी नसेल, तर या भागीदारीला माझा विरोध आहे.

2022 च्या मार्चपासून बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला, तेव्हा प्रभागातून विचारायला आपला माणूस सभागृहात नव्हता. आता नगरसेवक आहेत, त्यांना विचारता येतं.

तुमच्या जवळच्या बागेबद्दल कमेंटमध्ये लिहा: माळी येतो का, पाणी कुठून मिळतं, दिवे लागतात का, गेट किती वाजता उघडतं. पेठेचं किंवा नगराचं नाव जरूर टाका. पूर्व भागातल्या मित्रमैत्रिणींनी आवर्जून लिहा. ही यादी प्रभागवार करून मी नगरसेवकांकडे आणि उद्यान विभागाकडे लेखी देणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी तसं सांगा.