आठ लाख वर्षांनी कुठली भाषा?

परवा पावसानं घरात कोंडून घातलं म्हणून भाच्याला घेऊन 'द टाइम मशीन' बघत बसलो, २००२ चा. नायक यंत्रात बसून थेट इसवी सन ८०२७०१ गाठतो. चंद्र फुटलेला, न्यूयॉर्क गडप, माणसांच्या दोन जाती झालेल्या. वर एलॉय, जमिनीखाली त्यांना खाणारे मॉरलॉक. आणि एवढा उत्पात होऊनही एक एलॉय बाई नायकाशी झक्क इंग्रजीत बोलते.

भाचा म्हणाला, "काय ओ मामा, आठ लाख वर्षं झाली तरी इंग्लिश मिडियम चालूच?"

सिनेमात कारण दिलंय. जुन्या शहराचे कोरीव दगड जपलेत, त्यावरून मुलांना ती 'दगडांची भाषा' शिकवतात. बेळगावच्या माणसाला हे पचणं अवघडच. आमच्याकडं फलकावरची अक्षरं एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंत टिकली तरी मिळवली.

गंमत म्हणजे एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या मूळ कादंबरीत असं नाही. तिथं प्रवाशाला एलॉयचं एक अक्षर कळत नाही. बोट दाखवून, एकेक नाम गोळा करत बिचारा शिकतो. १९६० च्या सिनेमानं ते काढून टाकलं, त्यातली एलॉय मुलगी वीना सरळ इंग्रजीच बोलते. सोय म्हणून, मान्य. पण हिमयुग, उल्का, महापूर यांवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्यांना आपली भाषा संपेल हे सुचतच नाही. आम्हाला तेच आधी सुचतं. (भाच्याला इंग्लिश मिडियमला घातलंय ते आम्हीच. मला कुणी शिकवू नका.)

या बाबतीत मला पटला तो २०२० चा 'लास्ट अँड फर्स्ट मेन'. दोन अब्ज वर्षांनंतरचा शेवटचा माणूस आपल्याशी बोलतोय, पण पडद्यावर माणूसच नाही. नुसती युगोस्लाव्हियातली काँक्रीटची स्मारकं, धुक्यात. आवाज इंग्रजीच, पण ती स्मारकं उभारणारा देश आज नकाशावर नाही आणि तिथल्या एका भाषेची चार नावं झालीत. सीमाभागातल्या माणसाला यात विज्ञानकथा कुठली दिसणार!

दख्खनच्या लाव्हाची दक्षिणेकडची कड आमच्या बेळगावच्या आसपासच संपते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर गेले त्या सुमाराला हा लाव्हा वाहत होता. उल्केबरोबर यालाही दोष देणारे शास्त्रज्ञ आहेत. आमच्या घराचं जोतं त्याच काळ्या दगडाचं. भाच्याला दाखवायला बाहेर नेलं, तर त्याचं लक्ष आजोबांनी कोरून घेतलेल्या अक्षरांवर. शेवाळ नखानं खरवडत एकेक अक्षर लावून वाचलं त्यानं.

"श-के १८६९. मामा, शके म्हणजे काय ओ? कंपनी काय?"

म्हटलं, "मोबाईल काढ. त्यात ७८ मिळव."