‘रिकामटेकड्यांचे उद्योग’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॉम्प्युटर वापरात नसताना पडद्यावर आपोआप येणारं हलतं चित्र म्हणजे स्क्रीनसेव्हर. तसल्या थ्रीडी घड्याळाच्या स्क्रीनसेव्हरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “कोपऱ्यात घड्याळ असतं, खिशात मोबाईल असतो. एलसीडीला स्क्रीनसेव्हर लागत नाही, उलट वीज जळते. असल्या एससीआर फायलींतून व्हायरस येतात ते वेगळंच. रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत हे.” एरवी अशा प्रतिक्रिया मी वाचून सोडून देते. पण शेवटचं वाक्य लागलं, म्हणून लिहायला बसले.

विजेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते आधीच मान्य करते. स्क्रीनसेव्हर चालू असताना पडद्यामागचा दिवा जळतच असतो आणि आकडे फिरवायला ग्राफिक्सला कामही पडतं. वीज वाचवायची असेल तर डिस्प्ले बंद होऊ द्यावा, याबद्दल वाद नाही.

व्हायरसचं म्हणाल, तर एससीआर ही साध्या प्रोग्रॅमचीच फाईल असते, फक्त शेपूट वेगळं. अनोळखी ठिकाणची उघडू नये हे मलाही कळतं. पण मी लेखात कुठलीच फाईल उतरवून घ्यायला सांगितलेलं नाही. तो अख्खा लेख विंडोजमध्ये मुळातच असलेल्या ‘थ्रीडी टेक्स्ट’ या, अक्षरं किंवा वेळ उठावदार दाखवणाऱ्या स्क्रीनसेव्हरवर आहे. विंडोज ११ मध्येसुद्धा तो आहे. दुसऱ्या परिच्छेदात हे स्पष्ट लिहिलंय. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत, असं दिसतं. न वाचता लिहायचंच असेल तर निदान इशारे तरी देऊ नका.

आता ‘रिकामटेकडे’.

मी इचलकरंजीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम केलंय. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, निवडणुकीच्या दिवसांत तर रात्र रात्र. तेव्हाचे मॉनिटर सीआरटीचे, म्हणजे काचेच्या नळीचे, मागे भलंमोठं पोट असलेले. दिवसभर पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर उघडं असायचं. कालांतराने आमच्या एका मॉनिटरवर, तो बंद केला तरी, वरची मेनूची पट्टी आणि डावीकडची टूलबॉक्सची चौकट फिकट तपकिरी दिसायची. तेच चित्र रोज तिथेच राहिलं की काचेमागचा फॉस्फर तेवढ्या जागी झिजतो, आणि झिजला की झिजला. मॉनिटर बदलायचे पैसे नसायचे. स्क्रीनसेव्हर लावायची शिस्त मला तिथे लागली. ती रिकामपणी लागलेली नाही, कामाच्या रेट्यात लागली आहे.

त्या थ्रीडी स्क्रीनसेव्हरांकडे बघून मी बरंच शिकलेही. १९९४ साली विंडोज एनटी ३.५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओपनजीएल, म्हणजे थ्रीडी चित्रं काढायची सोय, आणलं, तेव्हा ते काय करू शकतं हे दाखवायला पडद्यावर नळ्यांचं जाळं वाढवत नेणाऱ्या ‘पाइप्स’सारखे स्क्रीनसेव्हर सोबत दिले होते. प्रकाश कुठून पडतो, अक्षराला जाडी कशी येते, चकाकी कशी सरकते, हे पत्रिकेवर उठावाचं अक्षर बसवणाऱ्या मला त्या पडद्यावर दिसलं. तुम्हाला तो पोरखेळ वाटत असेल. माझ्यासाठी ती शाळा होती.

आणि ‘खिशात मोबाईल असतो’ म्हणता, तर तो सगळ्यांच्या खिशात नसतो हो. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अंथरुणाला खिळून होते. उजवा हात चालत नव्हता. डाव्या हाताने मोबाईल धरायचा, बटण दाबायचं, चष्मा शोधायचा, तोवर पडदा परत काळा. भिंतीवरचं घड्याळ डोक्यामागे. वेळ कळली नाही की ते अस्वस्थ व्हायचे, गोळी चुकली का म्हणून पुन्हा पुन्हा हाका मारायचे. त्यांच्या पायथ्याशी टेबलावर आमचा जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर मी ते घड्याळ लावून दिलं.

ते लावून देणं म्हणजे एक क्लिक नव्हे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम’ निवडलं की आकडे येतात, पण खरं काम पुढेच आहे. ‘स्पिन’ ठेवलं तर आकडे गोल फिरतात आणि अर्धा वेळ त्यांची पाठ दिसते, म्हणजे वेळ उलटी वाचायची. ‘टंबल’मध्ये तर कोलांट्याच. आजारी माणसाला यातलं काहीच चालत नाही. ‘सी-सॉ’ ठेवून वेग अगदी कमी केला, की आकडे हलके झुलतात आणि वाचताही येतात. तेही नको असेल तर ‘नन’ ठेवावं. आकडे फिरत नाहीत, पण पडद्यावर इकडून तिकडे सरकत राहतात. फॉन्ट जाड घ्यावा, बारीक शेपट्या असलेला नको, लांबून ६ आणि ८ एकसारखे दिसतात. ‘टेक्स्चर’ आणि ‘रिफ्लेक्शन’ जवळून छान, लांबून गिचमीड. ‘सॉलिड कलर’मध्ये पिवळा, आकार शेवटपर्यंत मोठा.

एक गोष्ट मला फार शोधून सापडली. सेकंद आणि एएम-पीएम काढायची सोय स्क्रीनसेव्हरच्या सेटिंग्जमध्ये नाहीच. ते आकडे विंडोजच्या रीजन सेटिंगमधून येतात. तिथे ‘लाँग टाइम’मध्ये कॅपिटल एच दोनदा, कोलन, स्मॉल एम दोनदा असं लिहिलं, की फक्त तास-मिनिटं उरतात. मजकूर आखूड झाला की त्याच जागेत आकडे मोठे मावतात. नानांना पलंगावरून चष्म्याशिवाय १४:३० वाचता येऊ लागलं, ते यामुळे. हा उपाय मी लेखात सविस्तर दिला, कारण मराठीत तो मला कुठेच सापडला नव्हता.

कोपऱ्यातल्या घड्याळाबद्दल एवढंच, की ते खुर्चीत बसलेल्याला दिसतं.

एलसीडीला स्क्रीनसेव्हर लागत नाही, हे तुमचं वाक्य अर्धंच आहे. आता ओएलईडी पडद्याचे, म्हणजे ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असे, लॅपटॉप घरोघरी येताहेत, आणि एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिलं तर त्यांच्यावरही डाग उमटतो. तिथे जागच्या जागी उभं राहणारं घड्याळ लावणं चुकीचं, सरकणारं त्यातल्या त्यात बरं. हेही लेखात होतं.

मतभेद असायला माझी हरकत नाही. सेटिंग चुकीचं सांगितलं असेल तर दाखवा, मी दुरुस्त करीन. पण मी कशासाठी वेळ घालवते, ती कामाची आहे की रिकामी, हे चार ओळींत ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. शेवटचं वाक्य मात्र तुम्ही मागे घ्यावं, एवढी माझी अपेक्षा आहे.