‘1966 साली मुलं मारलेली लस परत आली’ : मजकूर कुठे चुकतो

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गरोदर बायकांच्या घरच्यांना एक मजकूर पाठवला जातोय. त्याचं म्हणणं असं : आरएसव्ही (श्वासाच्या वाटेला होणारा एक विषाणू) म्हणजे साधी सर्दी, 1966 साली याच लशीने मुलं दगावली आणि आता तीच लस घाईने आईला टोचतात. यातलं मधलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीचंही लोकांना पटतं.

‘साधी सर्दी.’ मोठ्यांना बहुधा तेवढंच होतं. तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजतात आणि चिकट स्रावाने तुंबतात. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ दूध ओढत नसलं, तर ताप नसला तरी लगेच दवाखाना गाठा. खानापूरच्या पावसात ‘सकाळी बघू’ म्हणून रात्र काढू नका.

‘तीच लस.’ नाही. अमेरिकेतल्या त्या चाचणीत फॉर्मालिन या रसायनाने मारलेला अख्खा विषाणू 31 बाळांना टोचला होता. पुढे 20 जणांना लागण झाली, 16 दवाखान्यात गेली, 2 दगावली. ही लस न घेतलेल्या गटात लागण 21 जणांना झाली, दवाखान्यात एकच गेलं. लस घेतलेल्या बाळांच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) भरपूर होती, पण विषाणूला अडवणारी फार थोडी. विषाणूवरचं एफ प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं आणि शिरताना उलगडून दुसराच आकार घेतं. त्या लशीत उलगडलेलाच आकार उरला होता. पुढे खरी लागण झाली तेव्हा शरीराच्या प्रतिकारानेच फुप्फुसं सुजवली. हा त्रास आधी आरएसव्ही कधीच न झालेल्या बाळांना झाला. आज लस आईला देतात. तिला हा विषाणू पूर्वी होऊन गेलेला असतो, आणि बाळाला नाळेतून तयार प्रतिपिंडं मिळतात.

पेशीत शिरण्याआधीचा आकार 2013 मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहम आणि क्वाँग या संशोधकांच्या गटाने शोधून दाखवला आणि तो पक्का बांधून ठेवण्याची युक्ती काढली. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत पूर्वी बनणाऱ्या देवीच्या लशीत जिवंत विषाणू असे. आईच्या या लशीत विषाणूच नाही, फक्त हे असं बांधून ठेवलेलं प्रथिन आहे : आरएसव्हीच्या अ आणि ब प्रकारांचं प्रत्येकी 60 मायक्रोग्रॅम.

‘घाई.’ 1966 पासून 2023 च्या मंजुरीपर्यंत 57 वर्षं गेली. सात हजारांहून जास्त गरोदर बायकांच्या चाचणीत बाळांचा गंभीर आजार पहिल्या 90 दिवसांत 81.8 टक्क्यांनी कमी दिसला. विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मजकुरात नाही. वेळेआधी बाळंतपण लस घेतलेल्यांत 5.7 टक्के होतं, न घेतलेल्यांत 4.7. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, तरीही अमेरिकेत खबरदारी म्हणून 32 ते 36 आठवड्यांतच लस द्यायचं ठरलं. दुसऱ्या एका कंपनीने याच कारणाने 2022 मध्ये गरोदर बायकांवरची आपली चाचणी थांबवली होती.

बाळंतपणाआधी निदान 14 दिवस मिळाले नाहीत, तर बाळापर्यंत पुरेशी प्रतिपिंडं पोचत नाहीत. म्हणून डॉक्टरांशी बोलताना महिने सांगू नका, सोनोग्राफीच्या कागदावरचे आठवडे दाखवा.